रविवारचा मासा

किर्कटन, ओर्मीकाठ
१२ मार्च १९८७

लॉकलन,

पुस्तक पोचलं. पोस्टमन दारातच म्हणाला, "एफी, भावाचं दिसतंय. बरंच जड आहे." मी म्हटलं, "थापांना वजन असतं, बाबा."

तीन संध्याकाळी बसून वाचलं. मुखपृष्ठावर तू गुडघाभर पाण्यात उभा आहेस, तोंडात पाइप, नजर क्षितिजावर. ती ओर्मी नव्हे. ओर्मीच्या काठाला असली गुळगुळीत हिरवळ कुठेच नाही. लंडनजवळच्या कुठल्याशा तळ्यावर फोटो काढून घेतलास ना? आणि गळाची काठी उलटी धरलीयस. चरखी खाली असते, लॉकलन. तुझी आभाळाकडे बघतेय. सगळ्या प्रकाशनसंस्थेत एकालाही हे कळू नये, म्हणजे पुस्तक कोणासाठी काढलंय ते समजलं.

पान तीनवर तू 'गिली' म्हणजे कोण ते समजावून सांगतोस. 'मासे पकडणाऱ्याचा नदीवरचा सखा.' सखा! आपले बाबा छत्तीस वर्षं मेजर पिटकेर्नच्या पाण्यावर गिली होते. साहेबाचे बूट ओढून काढायचे, त्याचा गळ झाडात अडकला की झाडावर चढायचं, मासा कुठे बसलाय ते बोटानं दाखवायचं, आणि लागला की म्हणायचं, 'वा साहेब, काय हात आहे!' सख्याला स्वयंपाकघराच्या दारातून आत घेतात का रे?

पान चाळीसवर बाबा तुला पहाटेच्या धुक्यात हात धरून शिकवतायत. छान लिहिलंयस. मी वाचताना क्षणभर मलाही धुकं दिसलं. बाबांनी तुला एकदाच नेलं, तू बारा वर्षांचा होतास. त्यांनी मासा चिरला आणि तू त्यांच्या बुटांवर ओकलास. त्यानंतर तू घरात बसून लॅटिन घोकायचास. त्यात वाईट काही नाही. पण मग लॅटिनच्या आठवणी लिहायच्या होत्यास.

आता नववं प्रकरण. एक्केचाळीस पौंडांचा सॅमन. सोमवार, आठ ऑक्टोबर एकोणीसशे एक्कावन्न, पाद्र्याचा डोह. तू म्हणतोस तो तू पकडलास, एक तास वीस मिनिटं झुंजून. आणि मग 'तारुण्यातल्या उदारपणानं' तो सर ऑब्री स्टॅनवे नावाच्या न्यायाधीशाला देऊन टाकलास, कारण बिचारा सहा दिवस रिकाम्या हातानं परतत होता.

त्या माशाची लाकडी प्रतिमा छत्तीस वर्षं इथल्या हॉटेलात भिंतीवर आहे. खाली पितळी पट्टीवर जज्जसाहेबांचं नाव. म्हणजे एका चोराच्या घरात दुसरा चोर शिरलाय आणि घर आपलंच असल्याचं पुस्तक छापतोय.

पहिल्या पानावर तू सही करून लिहिलंयस, 'प्रिय एफीस, जिला हे सगळं आठवत असेल.'

आठवतं.

एफी


२ एप्रिल

लॉकलन,

तुझं पत्र चार पानी आणि कागद महागाचा. मजकूर एवढाच, की तुला ते 'तसं आठवत नाही', आणि 'आठवण ही नदीसारखी असते, एफी, ती रोज वेगळी वाहते.' मी नदीकाठी पंचावन्न वर्षं राहतेय. ती रोज वेगळी दिसते, पण उलटी वाहिलेली मी अजून पाहिलेली नाही.

तर मी सांगते. तुला आठवत नाही म्हणतोस, म्हणजे तुला नवीनच असणार.

त्या आठवड्यात जज्जसाहेबांना मासेमारीला न्यायचं काम बाबांकडे होतं. सहा दिवसांत एक मासा नाही. पाण्यात सावली पाडायचे, खोकायचे, मासा तोंड लावतोय तोच हिसका मारून गळ ओढून घ्यायचे. शनिवारी संध्याकाळी पाच माणसांदेखत बाबांना म्हणाले, "टुलोक, तुझ्या नदीत मासे आहेत, की मेजर नुसतं पाणीच भाड्यानं देतात?" सगळे हसले. बाबा म्हणाले, "आहेत, साहेब." आणि खाली बसून त्यांचे बूट काढू लागले. मी भाकरीची टोपली घेऊन तिथेच उभी होते. मी एकोणीस वर्षांची होते आणि माझ्या कानशिलातून वाफा निघत होत्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. सगळं गाव चर्चमध्ये. बाबा चर्चचे वडीलधारे, दारात दानाची ताटली घेऊन उभे राहायचे. आई छातीच्या दुखण्यानं अंथरुणात, म्हणून मी घरी. आणि तू घरी, कारण परीक्षेत नापास होऊन ॲबरडीनहून परत आला होतास आणि लोकांना तोंड दाखवायची तुला लाज वाटत होती. (हे प्रकरण पुस्तकात कुठे सापडलं नाही.)

आईला झोप लागली. मी नदीकाठच्या मासेमारीच्या खोपीवर गेले, तिथली जज्जसाहेबांचीच काठी घेतली, आणि पाद्र्याच्या डोहाशी उतरले. रविवारी सॅमन धरणं कायद्यानं गुन्हा आणि आपल्या गावात त्याहून मोठं पाप, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला फक्त एकदा बघायचं होतं, नदीत मासे आहेत की नाही ते.

गळाला माझ्या हातची, लाल-काळ्या पिसांची बनवलेली खोटी माशी होती. चौथ्या फेकीला दोरी थांबली. हिसका नाही, काही नाही, जणू खाली कोणीतरी हात पुढे करून ती शांतपणे धरली. मी मोजत थांबले. बाबा सांगायचे, 'त्याला वळू दे. घाई माणसाला असते, माशाला नसते.' मग काठी उचलली, आणि तो निघाला. डोहाच्या शेपटीपर्यंत एका दमात. मी काठाकाठानं धावतेय, स्कर्ट कमरेपर्यंत ओला, एक बूट चिखलात राहिलेला.

अर्ध्या तासानं तू आलास. गवतात उभा राहून किंचाळलास, "एफी! वेड लागलंय का तुला? आज रविवार आहे! कोणी पाहिलं तर बाबांची नोकरी जाईल, घर जाईल!"

"मग ओरडू नकोस," मी म्हटलं. "आकडा आण."

"मी नाही हात लावणार."

"मग माझा हात सुटेल, तो काठी घेऊन जाईल, आणि जज्जसाहेबांना काठीचं काय झालं ते तू सांग."

आणलास तो मासा ओढायचा लांब दांड्याचा आकडा. दोनदा मारलास, दोन्हीदा पाण्याला. तिसऱ्या वेळी तुझ्या हातातून मीच घेतला, आणि एका हातात काठी धरून दुसऱ्या हातानं त्याला वर ओढला. एवढा मोठा नर मी नंतर कधी पाहिला नाही. तांब्याच्या रंगाचा, खालचा जबडा आकड्यासारखा वर वळलेला. आपण दोघं गवतावर बसलो होतो आणि मी रडत होते. आनंदानं, हे तुला सांगायला हवं, कारण पुस्तकात त्या माशापाशी तू रडतोस.

तू रडला नाहीस. तू त्याच्याकडे बघत विचार करत होतास. मग म्हणालास, "झऱ्यात ठेवू, वर ओला नेचा टाकू. उद्या सकाळी मी बघतो काय करायचं ते."

मला वाटलं, कुठेतरी पुरून टाकशील.

एफी


३० एप्रिल

लॉकलन,

'जुन्या जखमा' वगैरे लिहू नकोस. जखम तुला कुठे झाली ते दाखव, मी पट्टी बांधते.

सोमवारी सकाळी बाबा खोपीवर पोचले तेव्हा मासा गवतावर मांडलेला होता. बाजूला जज्जसाहेब, छाती काढून, आणि त्यांच्यामागे तू, हात मागे बांधून.

"टुलोक!" जज्जसाहेब म्हणाले. "तुझ्याशिवाय जमलं बघ. भल्या सकाळी येऊन मारला. तुझा मुलगा होता सोबत. हुशार आहे. माझ्या कचेरीत मला असलेच लोक लागतात."

बाबा वाकले. एका बोटानं त्यांनी कल्ला उचलला. आत तपकिरी. डोळा दुधाळ. अंग लाकडासारखं ताठ. छत्तीस वर्षं त्या माणसानं दुसरं काही पाहिलं नव्हतं. मग त्यांनी तुझ्याकडे पाहिलं. मी वर वाटेवर होते, मला त्यांचा चेहरा दिसला नाही, तुझा दिसला. तू बुटांच्या नाड्या बघत होतास.

मेजरच्या बंगल्यात मासेमारीची वही असायची. वार, तारीख, डोह, वजन, आणि खाली गिलीची सही. दुपारी मेजरनं ती बाबांपुढे ठेवली. बाबा म्हणाले, "ही सही मी करणार नाही, साहेब."

"का?"

"हा मासा आजचा नाही. कालचा आहे."

मग बाबांच्या मागोमाग मेजर घोड्यावरून आपल्याकडे आला. मेजरनं विचारलं, काल कोणी मारला? बाबा म्हणाले, मी.

आता गंमत बघ. रविवारी मासा मारला म्हणून बाबांना काढलं, नोव्हेंबरातल्या मार्टिनमसच्या सणाआत घर सोडायला सांगितलं. आणि वहीत तोच मासा सोमवारचा म्हणून लागला, जज्जसाहेबांच्या नावावर. मेजरनं गिलीच्या जागी स्वतः सही ठोकली. एकच मासा, बाबांसाठी रविवारी मेलेला आणि साहेबासाठी सोमवारी. तिघांपैकी एकालाही त्यात विचित्र काही वाटलं नाही. तिसरा म्हणजे तू. शुक्रवारच्या गाडीनं तू लंडनला गेलास, जज्जसाहेबांच्या कचेरीत. तिथून तुझी 'वाटचाल' सुरू झाली, प्रकरण दहा.

बाबा लाकडाच्या वखारीत फळ्या रचायला लागले. अकरा वर्षं रचल्या, आणि मेले. नदी वखारीतून दिसायची. त्यांनी पुन्हा गळ हातात धरला नाही. तू त्यांच्या मातीला आलास तो काळ्या हातमोज्यांत, आणि चार वाजताच्या गाडीनं परत गेलास.

एफी


६ सप्टेंबर

लॉकलन,

मासेमारी मंडळाचे अध्यक्ष मिस्टर पिरी येऊन गेले. दाताचे डॉक्टर आहेत, चार वर्षांपूर्वी गावात आले, आणि ओर्मीबद्दल त्यांना जे काही माहीत आहे ते तुझ्या पुस्तकातलं. म्हणाले, "मिस टुलोक, आम्ही इतिहास दुरुस्त करतोय! दहा ऑक्टोबरला जुनी पट्टी काढून तुमच्या बंधूंच्या नावाची लावणार. ते स्वतः येणार आहेत. तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं." मी चहा दिला नाही.

मग तुझं पत्र. मी पहिल्या रांगेत बसावं, 'कुटुंबाच्या अब्रूखातर' गप्प राहावं, आणि पुढच्या आवृत्तीत तू एक ओळ घालशील: 'माझी बहीणही त्या वेळी काठावर होती.' काठावर! मेहेरबानी.

पण शेवटी एक वाक्य लिहिलंयस. 'सगळं जर तुझंच होतं, तर तू तेव्हा का बोलली नाहीस?' रागानं लिहिलंयस, अक्षरावरून कळतं. तीनशे पानी पुस्तकात नाही असा एक बरा प्रश्न तू पत्रात विचारलास. म्हणून उत्तर देते.

एप्रिलच्या पत्रात मी लिहिलं, मेजर घरी आला आणि बाबा 'मी' म्हणाले. मी कुठे होते ते लिहिलं नाही. मी तिथेच होते. चुलीपाशी, ओटाच्या भाकरी थापत. मेजर टोपीही न काढता आत आला, त्यानं आधी माझ्याकडेच पाहिलं. काठीच्या मुठीला माझ्या केसांची लाल फीत अडकलेली सापडली होती. तो म्हणाला, "पोरी, काल सकाळी तू कुठे होतीस?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण बाबा मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "ती आईजवळ होती, साहेब. मासा मी मारला."

मेजरचं चर्च वेगळं, साहेबलोकांचं. बाबा ताटली घेऊन उभे होते हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. मला माहीत होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी तव्याकडे बघत राहिले. भाकरी करपली, तीही उलटली नाही.

मला वाटलं, बाबा दोन दिवसांनी रागावतील, मग मी सांगेन. ते रागावले नाहीत. घर सोडताना नाही, वखारीत नाही, मरतानाही नाही. न रागावणाऱ्या माणसाला काही सांगता येत नाही. तू पळून गेलास म्हणून मी तुला भेकड म्हणते. मी न पळता तेच केलं.

हे वाचून खूश होऊ नकोस. तू मासा विकलास. मी फक्त गप्प बसले. फरक आहे. किती, ते मला अजून नीट मोजता आलेलं नाही.

आणि गाव! त्या रविवारी दीडशे माणसांनी बाबांच्या हातातल्या ताटलीत दान टाकलं. त्याच दीडशे माणसांनी मंगळवारी ऐकलं, की वॉटी टुलोकला रविवारी मासा मारल्याबद्दल काढलं. एकानं म्हणून जीभ हलवली नाही. सगळे मेजरचे भाडेकरू ना. त्या दिवसापासून मी चर्चची पायरी चढले नाही, आणि त्यातलं कोणी समोरून आलं की रस्ता ओलांडते. पलीकडच्या घरातली जीन मॅसी, जिच्या मांडीवर मी लहानपणी झोपायचे, तिच्याशी मी छत्तीस वर्षांत शब्द बोललेले नाही.

ये दहा तारखेला. मी पहिल्या रांगेत बसेन. गप्प बसेन असं मात्र समजू नकोस.

एफी


१३ ऑक्टोबर

लॉकलन,

तुझी तार मिस्टर पिरींनी वाचून दाखवली. 'घसा बसला आहे. मनानं ओर्मीकाठीच.' मला हसू आलं ते मी लपवलं नाही. पत्रातल्या एका वाक्यानं तुझा घसा बसला, म्हणजे मी अजून बरी लिहिते.

तू नसलास तरी कार्यक्रम झाला. हॉटेलचा दिवाणखाना भरलेला. तुझ्या नावाच्या पट्टीवर बारमधला टॉवेल टाकून झाकलं होतं. पिरी तुझ्या उदारपणावर दहा मिनिटं बोलले आणि टॉवेलला हात घालणार तेवढ्यात मी उठले.

माझं भाषण तुझ्यासारखं झालं नाही. मी म्हटलं, "तो मासा मी मारला. रविवारी. माझे वडील तेव्हा चर्चच्या दारात होते, आणि त्यांनी माझं नाव लपवण्यासाठी खोटं सांगितलं. मी ऐकत उभी होते. मी बोलले नाही." मग माझा तोल गेला. मी म्हटलं, "आणि तुम्हीही बोलला नाहीत! तुम्ही सगळ्यांनी त्यांना तिथे पाहिलं होतं. माझ्या भावाला नावं ठेवायची तुमची लायकी नाही, माझी तर नाहीच."

मागे कोणीतरी हसलं, घाबरून हसतात तसं. पिरींचा हात टॉवेलवर तसाच. आणि मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. जीन मॅसी. ब्याऐंशी वर्षांची, दोन काठ्यांवर.

"खाली बस, पोरी," ती म्हणाली. "आम्हाला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"वॉटी चर्चमध्ये होता ते. ताटली त्यानंच माझ्यापुढे धरली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"त्यानं सांगितलं होतं म्हणून."

मी उभीच. जीन हळूहळू बोलत होती, लहान मुलाला सांगावं तसं. पुढच्या रविवारी, प्रार्थना सुरू व्हायच्या आधी, बाबा टोपी हातात घेऊन सगळ्यांपुढे उभे राहिले होते. आई आणि मी घरी सामान बांधत होतो. बाबा म्हणाले होते, "मेजरना मी काय सांगितलं ते तुमच्या कानावर आलंय. खरं काय ते तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्ही मला पाहिलंत. मला एक मुलगी आहे आणि तिला याच गावात जगायचंय. तोंडं बंद ठेवलीत तर उपकार होतील." मग त्यांनी ताटली टेबलावर ठेवली, आणि आता ही माझ्या हातात शोभत नाही म्हणून ते वडीलधारेपण सोडून शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

"माझ्या नवऱ्यानं मेजरकडे जायला कोट घातला होता," जीन म्हणाली. "वॉटीनं फाटकाशी अडवलं. हात जोडले. वॉटीनं! मग आम्ही गप्प बसलो. आणि तू रस्ता ओलांडायला लागलीस. आम्हाला वाटलं, पोरीला लाज वाटत असेल, म्हणून आम्हीही दुसरीकडे बघायचो. तुला बरं वाटावं म्हणून, गं."

लॉकलन, मी छत्तीस वर्षं त्या माणसांना तुच्छ लेखलं. रोज. पाव आणताना, टपाल टाकताना. तुला तुच्छ लेखते त्यापेक्षा जास्त, कारण तू दूर होतास. आणि ती सगळी माझ्या बापानं दिलेलं काम इमानानं करत होती.

पिरींना काय करावं कळेना. म्हणाले, "मग... पट्टीवर तुमचं नाव घालू का, मिस टुलोक?"

"घाला," मी म्हटलं. "आणि वार दुरुस्त करा. रविवार लिहा."

"पण रविवारी मासेमारी तर बेकायदेशीर—"

"म्हणूनच लिहा."

समिती विचार करणार आहे. करू दे. तोवर भिंतीवर मासा आहे आणि खाली चार स्क्रूंची भोकं. तुझ्या नावाची पट्टी पोस्टानं पाठवतील, पितळ चांगलं आहे.

जीन घरापर्यंत माझ्याबरोबर चालत आली. तीनशे पावलांना आम्हाला पाऊण तास लागला. मी चहा केला. तिला साखर किती लागते ते मला माहीत नव्हतं, विचारावं लागलं. ती म्हणाली, तीन, डॉक्टरला सांगू नकोस. दोन तास बसली, आणि त्यातला बराच वेळ आम्ही तिच्या गुडघ्यांबद्दल बोललो. जाताना म्हणाली, "लॉकलनला लिहितेस का अजून?" मी म्हटलं, लिहिते. ती म्हणाली, "त्यालाही वॉटीनं वाचवलंच होतं म्हणा. मासा कोणी विकला ते त्यानं कोणालाच सांगितलं नाही. आम्हाला तुझ्या तोंडूनसुद्धा आज कळलं नाही, पण आम्ही काही आंधळे नाही."

ते मी दिवाणखान्यात सांगितलं नव्हतं, खरंच. तुझं काम तुझ्यासाठी ठेवलंय. पुढच्या आवृत्तीत जागा कर.

जीनला गुरुवारी परत बोलावलंय. तुला अजून बोलावत नाही.

एफी